पहिलं वर्ष पाहुणीचं

गेल्या अंकात टांझानियातल्या मुसोमा गावच्या दिवसांबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं त्याचीच आली. परदेशी मिशनसेवेला कोणी स्वतः निघालंय, कोणाचं मूल निघालंय, कोणाला त्याचा इतिहास हवाय, कोणाला ते मुळातच पटत नाही. म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्याच विषयाला देते. मी धर्मभगिनी म्हणून १९९२ च्या जानेवारीत टांझानियात गेले तेव्हा ३१ वर्षांची होते, परतले २०१५ साली. मधली वर्षं व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, मारा प्रांतात गेली. जे सांगते ते तिथलं आहे. ज्यांना ब्राझीलला किंवा पापुआ न्यू गिनीला जायचंय त्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही, त्यांनी तिथे राहून आलेल्यांना गाठावं.

प्रश्न : माझी मुलगी धर्मभगिनी आहे, वय २६, नर्सिंग झालेलं. जूनमध्ये तिला टांझानियाला, म्वांझा भागात पाठवणार आहेत. ती हसतखेळत तयारी करते आहे आणि मला रात्रीची झोप नाही. तिथे गेल्या गेल्या काय होतं? तिला कोण बघेल?
– एक आई, नंदाखाल

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या आईने मला यातलं काहीच विचारलं नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री तिने सुक्या बोंबलांची पुरचुंडी केली, वर्तमानपत्राच्या चार घड्या घातल्या, वरून प्लॅस्टिक आणि सुतळी बांधली आणि माझ्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी सरकवली. मग दिवा मालवला.

आम्ही तिघी होतो. मुंबईहून रात्रीचं विमान, नैरोबीला उतरलो तर अंगावर काटा. आफ्रिका म्हणजे ऊन, एवढंच माझ्या डोक्यात. नैरोबी साडेपाच हजार फुटांवर आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बस. किसीच्या डोंगरातले चहाचे मळे गेले, रस्ता उतरणीला लागला आणि दुपारी सिरारीची सरहद्द आली. तिथे जकातीवरच्या माणसाने माझी बॅग उघडली. त्याचा हात नेमका त्या पुरचुंडीला लागला. त्याने ती उचलून नाकाशी नेली आणि मोठ्याने म्हणाला, "दगाऽ?" ताई, माझे हातपाय गार पडले. मला वाटलं, हा मला फसवणुकीत धरतोय. आमच्याबरोबरच्या वयस्कर सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांनी सांगितलं की सरोवरातल्या करंगळीएवढ्या मासळीला तिथे दगा म्हणतात, ती वाळवून बाजारात येते आणि या माणसाला तोच वास आलाय. त्याने पुरचुंडी पुन्हा त्याच सुतळीने बांधली, गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं आणि माझ्या हातात दिली. त्या देशातला मी शिकलेला पहिला शब्द हा.

पुढे कित्येक संध्याकाळी मी काठावरच्या काळ्या खडकांवर बसून ती मासळी सुकताना पाहिली. अंधाऱ्या रात्री होड्या निघतात, प्रत्येक होडीत दिवा, त्या उजेडाला मासळी गोळा होते. काठावरून पाहिलं तर पाण्यात गाव वसल्यासारखं दिसतं. हे सरोवर महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठं आहे, पलीकडचा किनारा दिसत नाही. सकाळी बायका जाळ्यांवर दगा पसरतात आणि वारं सुटलं की पाचूबंदरच्या किनाऱ्याचाच वास येतो. पहिल्या महिन्यांत मी घरच्या आठवणीने जेवढी रडले, त्यातलं निम्मं त्या वासाने.

आता तुमच्या मुलीचं. मुक्कामाला पोहोचल्यावर पहिल्यांदा तिच्या कानावर एक शब्द पडेल: पोले. लांबून प्रवास करून आलात, पोले. ठेच लागली, पोले. उन्हात काम करताय, पोले. घरात कोणी वारलं, तरी पोले. 'तुमचे कष्ट मला दिसतात' एवढा त्याचा अर्थ मी लावलाय. मुसोमाला आमच्या स्वयंपाकघरातल्या आजीबाईंनी हाच शब्द म्हणत माझी बॅग हातातून घेतली. मी देत नव्हते. त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या, माझा हात सुटेना. त्यांनी एकेक बोट सोडवलं.

नंतरचे तीन-चार महिने तिला काम देणार नाहीत, भाषा शिकायला बसवतील. आणि हेच तिला सगळ्यात जड जाईल, तुम्ही ज्याची काळजी करताय ते नव्हे. नर्सिंग झालेली मुलगी, समोर दवाखाना, दारात रांग, आणि हिच्या हातात वही-पेन्सिल. तिला वाटेल, मी इतक्या लांब यासाठी आले का? ती तुम्हाला फोनवर असं म्हणाली तर तिची बाजू घेऊ नका. तिला तिथे नीट उभं राहायचं असेल तर ते बसणं लागतंच.

आजाराचं स्पष्ट सांगते. मलेरिया होईल असं धरूनच चालावं. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासणं. थकव्याने आला असेल, उद्या उतरेल, असं म्हणत घरी थांबायचं नाही. पाणी उकळून. सरोवराच्या कडेच्या संथ पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. तिथल्या गोगलगायींमधून बिलहार्झिया या रोगाचे किडे पाण्यात येतात आणि कातडीतून शरीरात शिरतात. नर्स आहे, तिला हे माहीत असेल, तरी आईने सांगितलेलं वेगळं लागतं.

कोण बघेल, असं विचारलंत. तिथल्या बायका बघतील. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, घराघरांचे लहान गट असतात, त्याला जुमुइया म्हणतात. दर आठवड्याला कोणाच्या तरी अंगणात जमतात, बायबल वाचतात आणि मग कोण आजारी, कोणाकडे धान्य नाही, याची चौकशी होते. तिसऱ्या महिन्यात मी तापाने पडले तेव्हा सहा दिवस सहा घरांतून ऊजी आली. ऊजी म्हणजे आपली पेज. कोणी कोणाला सांगितलं, पाळ्या कशा लागल्या, मला आजवर माहीत नाही.

एक मागणं आहे तुमच्याकडे. आमच्या वेळी पत्राला तीन-तीन आठवडे लागायचे, आता फोनवर चेहरा दिसतो. तरी पहिले सहा महिने रोज फोन करू नका. आठवड्यातून एकदा करा. तिचं संध्याकाळचं अंगण रिकामं राहिलं तर ती शेजारणीकडे जाऊन बसेल.

प्रश्न : मी सेमिनरीत शिकतो. दोन वर्षांनी पूर्व आफ्रिकेत जाण्याची शक्यता आहे. स्वाहिली किती दिवसांत येते? तोपर्यंत इंग्रजीवर भागतं का?
– एक ब्रदर, सध्या पुणे

ब्रदर, भागतं. कार्यालयात, बँकेत, शाळेत भागतं. स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या खाटेपाशी आणि कबुलीजबाबाला भागत नाही, आणि तुमचं काम तिथेच आहे.

तुम्हाला मराठी येते, हे मोठं भांडवल समजा. अरब आणि हिंदी व्यापाऱ्यांनी तो किनारा आणि आपला किनारा शेकडो वर्षं एकत्र शिवलेला आहे. दुका म्हणजे दुकान. पेसा म्हणजे पैसा. रांगी, साबुनी, सुकारी, हेसाबू, बिमा, नानासी, पापाई. हे वेगळे सांगायलाच नकोत. गारी म्हणजे गाडी. हबारी म्हणजे खबर. फक्त नात्यांत सांभाळा. बाबा म्हणजे वडील, इथपर्यंत ठीक, पण काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. पहिल्याच आठवड्यात बाजारात एक टोमॅटोवाली माझ्या मागून हाका मारत आली, "दादा! दादा!" मी वळून रस्त्यावर कोण पुरुष आहे ते बघत राहिले. माझी सुटी नाणी तिच्याकडे राहिली होती, ती द्यायला धावत आलेली.

मोठ्यांना भेटल्यावर 'शिकामू' म्हणायचं, ते 'मराहबा' म्हणून उत्तर देतात. म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. दारात उभं राहून 'होदी' अशी हाक द्यायची, आतून 'कारिबू' आलं की मगच उंबरा ओलांडायचा. हे व्याकरणाच्या आधी शिका.

आणि घड्याळ. हे लिहिताना अजून जड वाटतं. मी मुसोमाच्या माकोको भाषाशाळेत चार महिने होते. दुसऱ्या महिन्यात जवळच्या वस्तीतलं एक बाळ तापाने गेलं, आठ महिन्यांचं. त्यांच्या अंगणातल्या जुमुइयाला मी दोनदा जाऊन बसले होते, म्हणून निरोप द्यायला एक शाळकरी मुलगी आली. "सा तातू," एवढंच म्हणाली. सा म्हणजे तास, तातू म्हणजे तीन. आकडे मला येत होते, वेळेचा धडा व्हायचा होता. मी तीन वाजता गेले. अंगणात चटया अंथरलेल्या, बायका पाय लांब करून बसलेल्या, चुलीवर मोठं पातेलं. घरामागे केळींच्या कडेला मातीचा छोटा ढीग होता आणि वरची माती सुकून फिकी पडलेली. ती फिकी माती पाहिली आणि मला समजलं की सगळं कधीच झालंय. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्याकडे पूर्वी घटका मोजायच्या तसेच. सकाळचे सात म्हणजे एक. तीन म्हणजे सकाळचे नऊ.

बाळाची आई भिंतीला टेकून बसली होती. मी भर उन्हातून चालत गेले होते, पाय घोट्यापर्यंत लाल धुळीने भरलेले. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोले, सिस्टा." ती मला म्हणाली. माझ्याजवळ उत्तरालाही तोच शब्द होता, दुसरा येतच नव्हता. मी म्हटलं आणि तिच्या शेजारी चटईवर बसले. मी उशिरा का आले हे कोणी विचारलं नाही. थोड्या वेळाने एका मुलीने तांब्याने माझ्या हातावर पाणी घातलं आणि ताट आलं: ऊगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीहून घट्ट, आणि मचिचाची भाजी, जी हुबेहूब माठाची लागते. अंधार पडेपर्यंत मी तिथे होते. एकही वाक्य बोलले नाही. पण त्या घराशी माझं नातं त्या दिवशी लागलं आणि २०१५ पर्यंत टिकलं.

तेव्हा किती दिवसांत येते, याचं माझं उत्तर असं: बाजार करायला चार महिने, मिस्सेतलं प्रवचन समजायला एक वर्ष, आणि दुःखातल्या माणसाशी त्याच्या भाषेत नीट दोन शब्द बोलायला मला तीन वर्षं लागली. तुम्हाला कमी लागोत. पहिल्या वर्षी प्रवचन करायची घाई करू नका. लोक कौतुकाने टाळ्या वाजवतील, त्यांना समजलेलं काही नसेल.

प्रश्न : संत गोन्सालो गार्सिया यांचं हौतात्म्य आम्ही दर वर्षी ऐकतो. पण जपानमध्ये ते नक्की काय काम करत होते?
– एक वाचक, गास

चांगला प्रश्न विचारलात. ते दुभाषे होते.

जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज आणि आई इथली. वसईच्या किल्ल्यात जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाकडे शिकले आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे त्यांनी लोकांत मिसळून जपानी भाषा अशी उचलली की धर्मशिक्षणाचं काम त्यांच्याकडे आलं. जेझुइट संघात प्रवेश हवा होता, तो मिळाला नाही. मग काही वर्षं व्यापार केला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानला पाठवायचं ठरलं तेव्हा भाषा जाणणारा माणूस हवा होता, आणि तो हा वसईचा ब्रदर होता. सत्ताधीश हिदेयोशीसमोर बोलणी त्यांच्या तोंडून झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांच्यासह २६ जणांना क्रुसावर मारलं. १८६२ साली संतपद जाहीर झालं.

आपण यात्रेत क्रूस पाहतो, भाले पाहतो. मला मात्र तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिसतो, परक्या गल्लीत उभा राहून पोरांकडून एकेक शब्द विचारून घेणारा. संघात न घेतल्यावरही त्याने ती भाषा टाकली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

प्रश्न : नाशिकच्या शरणपूरचा आणि आफ्रिकेतल्या मिशनचा संबंध होता असं ऐकलं. खरं आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

गुरुजी, खरं आहे, आणि तो नाशिककरांनाही फारसा ठाऊक नाही.

एकोणिसाव्या शतकात अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन मुलं ब्रिटिश आरमार सोडवून मुंबईला आणायचं. त्यांतली बरीच चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला वाढवली, शिकवली, कामधंदा शिकवला. १८६४ पासून त्यांतले काही तरुण मोंबासाजवळच्या रबाईला परत गेले: विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड. शिक्षक आणि प्रचारक म्हणून. १८६६ साली आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकचे नऊ तरुण होते. १८७३ मध्ये तो आजच्या झांबियात वारला, त्याचं काळीज तिथल्याच झाडाखाली पुरलं आणि ते पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. मग त्या माणसांनी मृतदेह महिनोन् महिने खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर वेनराइट चालत होता.

१८७५ साली मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं, फ्रिअरटाउन. गुलामांचे व्यापारी दिसले की तिथे घंटा वाजवायचे. ती घंटा अजून आहे आणि त्या चौकाला लोक केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा. २००३ साली मी मोंबासाला गेले होते तेव्हा मुद्दाम तिथे उतरले. रहदारी फार, कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. मी तिथे उभी राहून शरणपूर रोडचा विचार करत होते. लहानपणी ओढून नेलेली, नाशिकच्या हवेत वाढलेली ही पोरं. आपल्याच खंडात उतरताना त्यांना तो देश घरचा वाटला असेल की परका? मला तरी वाटतं, परकाच. आणि तरीही ती राहिली.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नये. परदेशी मिशनरी इथे धर्मांतरासाठी आले अशी टीका होते. तुम्ही दुसऱ्यांच्या देशात जाऊन वेगळं काय केलंत? इथे गरीब कमी होते का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अहिल्यानगर

राग कसला, बाळा. हा प्रश्न मी स्वतःला पहिल्या वर्षी रोज विचारत होते.

तू अहिल्यानगरचा आहेस म्हणून तिथूनच सुरुवात करते. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. त्याआधी कलकत्त्याहून कंपनी सरकारने त्यांना हाकललं होतं. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू, त्यामुळे संशय दुप्पट. मुंबईतही इंग्लंडला पाठवून देण्याचा हुकूम आला, ते गुपचूप कोचीनला गेले, तिथून परत आणले गेले, आणि अर्ज-विनंत्या करता करता अखेर राहायची परवानगी मिळाली. हॉल मराठी शिकला, तेरा वर्षं राहिला आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. १८२७ च्या डिसेंबरात सिंथिया फरार आली, अविवाहित बाई, एकटी. आधी मुंबईत, १८३९ पासून तुझ्या नगरात मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ साली नगरातच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली होती. ही माणसं धर्म सांगायला आली होती, त्यांनी ते लपवलं नाही, आणि टीका करायचा तुला पूर्ण हक्क आहे. मी फक्त एवढं बघते की त्यांना मराठी कोणीतरी शिकवली. कोणत्या तरी शास्त्र्याने रोज समोर बसून. त्या वेळी यजमान आपण होतो.

मी गेले त्या प्रांतात आमच्या आधी सगळं होतं. व्हाइट फादर्स हे कॅथलिक मिशनरी १८७८ सालीच त्या देशाच्या किनाऱ्यावर उतरले होते, शिरातीला १९३४ पासून मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती आहेत. सरोवराच्या पलीकडच्या बुकोबाचे लॉरियन रुगाम्ब्वा १९६० मध्ये कार्डिनल झाले, आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन. आम्ही कोणाला येशू नवा सांगायला गेलो नव्हतो. त्यांच्या प्रार्थनेचा जोर पाहून माझी प्रार्थना सुधारली. दवाखान्यात मुस्लीम यायचे, ॲडव्हेंटिस्ट यायचे, कुठल्याच चर्चला न जाणारे यायचे. केसपेपरवर धर्माचा रकानाच नव्हता. आणि माझं मत सांगते, ते कोणाला रुचो न रुचो: माणसाची भूक किंवा आजारपण पाहून त्याचा धर्म बदलायला जाणं हे पाप आहे. तसं कोणी करताना मी पाहिलं तर त्याला तोंडावर सांगेन, मग तो आमच्यातला का असेना.

इथे गरीब कमी नव्हते. जव्हार-मोखाडा आमच्यापासून किती लांब? मला माझ्या धर्मभगिनींच्या संघाने पाठवलं म्हणून मी गेले. पाठवणाऱ्यांनी विचारलं असतं, कुठे जातेस, तर मी डहाणू म्हटलं असतं. पण आता मागे पाहते तेव्हा वाटतं, देणाराच घेणारा व्हायला शिकतो तो दुसऱ्याच्या घरी गेल्यावर. इथे मी सिस्टर होते, लोक खुर्ची द्यायचे. तिथे एक म्हण आहे: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला जेंबे द्या. जेंबे म्हणजे रुंद पात्याची कुदळ. आपल्याकडेही 'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' म्हणतातच, पण आपली म्हण पाहुण्याची अक्कल काढते, त्यांची त्याच्या हातात अवजार देते.

मला ते भाषाशाळा संपल्यावर मिळालं. एका सकाळी, तिथल्या सा मोजाला, म्हणजे आपल्या सातला, जुमुइयातल्या बायका मला एका विधवेच्या शेतावर घेऊन गेल्या. मुहोगो लावायचा होता, टॅपिओका म्हणतो आपण. कांड्या तोडून तिरप्या खोचायच्या. वसईत वाडीत वाढलेली मी, मला वाटलं हे येतं. तासाभरात तळहाताला फोड आले. आजीबाईंनी, त्याच स्वयंपाकघरातल्या, माझं जेंबे घेतलं, दांडा कुठे धरायचा ते दाखवलं आणि परत माझ्याच हातात दिलं. काढून नाही घेतलं. पुढच्या वर्षी त्या शेतातला मुहोगो उकडून आमच्या घरी आला तेव्हा त्या बाईने निरोप पाठवला होता, हा तुमच्या ओळीतला आहे म्हणून.

प्रश्न : सोबत काय न्यावं, थोडक्यात सांगा.
– दोन सिस्टर्स, नोव्हिशिएट, नाव छापू नये

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा. पर्यटक व्हिसावर जाऊन सेवा करता येत नाही, राहण्याच्या परवान्याचे कागद आधी सुरू करा, प्रत्येकाच्या चार प्रती. चष्मा दोन. विजेरी. सुई-दोरा. लोकरीचा एक स्वेटर, हातातल्या पिशवीत. मराठी बायबल आणि गायनांचं पुस्तक, कारण नाताळच्या रात्री ते लागेल. मसाला पाव किलो पुरे; गावांत गुजराती दुकानं आहेत, हळद-जिरं मिळतं. साड्या कमी न्या, तिथे बायका तुम्हाला कांगा देतील, सुती, काठाजवळ म्हण छापलेला. दिला तर लगेच अंगावर घ्या, घडी करून ठेवू नका, त्यांना वाईट वाटतं.

सुकी मासळी नेण्याबद्दल विमान कंपनीला आणि तिथल्या सिस्टरांना आधी विचारा. आता तपासणी पूर्वीसारखी राहिली नाही. नाहीच नेता आली तर मुसोमाच्या बाजारात दगा किलोवर मिळते. कढईत कोरडी भाजून, कांदा आणि आपला मसाला घालून करा. डोकी काढायची गरज नाही.